घातांक लिहिला की संख्या घसरते: मूळ अवयवांपासून तयार होणाऱ्या क्रमिका

सहमूळ:

एखाद्या पूर्णांकाचे मूळ अवयव पाडायचे, त्या अवयवांपासून ठरलेल्या नियमाने नवी संख्या तयार करायची, मग तिचेही अवयव पाडायचे आणि हे असेच चालू ठेवायचे, अशा रीतीने मिळणाऱ्या क्रमिकांवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. या विषयातले नियम सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजतात आणि तरीही त्यांतले कित्येक प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे मला फार विलक्षण वाटते. हे प्रश्न नेमके कशामुळे अडले आहेत, तेवढ्यापुरतेच येथे बोलावे असा माझा आग्रह आहे.

तीन नियम शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिला नियम बेरजेचा. सर्व मूळ अवयव, जितक्या वेळा येतात तितक्या वेळा घेऊन, मिळवायचे. २० = २×२×५, म्हणून २० नंतर ९ येते; ९ = ३×३, म्हणून ६; ६ = २×३, म्हणून ५; आणि ५ मूळ असल्यामुळे तेथे थांबायचे.

दुसरा नियम जोडणीचा. तेच अवयव लहानापासून मोठ्यापर्यंत नुसते शेजारी शेजारी लिहायचे. १० = २×५, म्हणून २५; २५ = ५×५, म्हणून ५५; ५५ = ५×११, म्हणून ५११; ५११ = ७×७३, म्हणून ७७३, आणि ही संख्या मूळ आहे.

तिसरा नियम घातांकांचा. पुन्हा पुन्हा येणारा अवयव एकदाच लिहायचा व त्याच्यापुढे त्याचा घातांक लिहायचा. घातांक १ असेल तर तो गाळायचा. ६० = २^२×३×५, म्हणून २२३५; २२३५ = ३×५×१४९, म्हणून ३५१४९, आणि ही मूळ आहे. गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी २०१४ मध्ये ज्या पाच प्रश्नांच्या उत्तरांसाठी प्रत्येकी १००० डॉलर देऊ केले होते, त्यांपैकी एक प्रश्न याच नियमाचा होता: कोणत्याही संख्येपासून सुरुवात केली तरी शेवटी मूळ संख्या येतेच का?

माझे म्हणणे असे की, हे तीन नियम दिसायला भावंडे असले तरी त्यांची वागणूक एकाच गोष्टीवर ठरते. पहिल्या नियमाने संयुक्त संख्या कधीही वाढत नाही. दुसऱ्याने ती नेहमी वाढते. तिसऱ्याने ती कधी वाढते, कधी घसरते. या क्रमिकांबद्दल आपल्याला जे सिद्ध करता येते आणि जे येत नाही, ते सगळे यातूनच निघते.

पहिल्याची सिद्धता दोन ओळींची आहे. क आणि ख हे दोन्ही २ किंवा त्याहून मोठे असतील तर (क − १)×(ख − १) ची किंमत किमान १ असते, म्हणून क×ख ही क + ख पेक्षा लहान असूच शकत नाही, आणि दोन्ही २ असतील तेव्हाच त्या समान होतात. म्हणजे ४ सोडून प्रत्येक संयुक्त संख्या बेरजेच्या नियमाने लहानच होते, आणि घसरत घसरत एक तर मूळ संख्येवर किंवा ४ वर येऊन थांबते. प्रश्न संपला.

दुसऱ्या नियमात संख्या वाढतेच, हेही तितकेच सोपे आहे. क च्या पुढे अ-अंकी ख लिहिला की क×१०^अ + ख ही संख्या होते. ख अ-अंकी असल्यामुळे १०^अ हा ख पेक्षा मोठा असतो, म्हणून जोडलेली संख्या क×ख पेक्षा नक्की मोठी असते. त्यामुळे या क्रमिकेत चक्र असू शकत नाही, कारण मागे पाहिलेल्या संख्येवर परत यायचे तर कोठेतरी उतरावे लागते. पण चक्र नाही म्हणून शेवट आहेच, असे मात्र म्हणता येत नाही.

तिसऱ्यासाठी एवढेच पाहावे: ९ → ३२ → २५ → ५२ → २२१३. येथे ३२ म्हणजे २ चा पाचवा घात, आणि तो २५ वर उतरतो. १०२४ तर एका पायरीत २१० वर येते आणि पुढच्याच पायरीत २३५७ या मूळ संख्येवर थांबते.

विषमघात:

सहमूळ यांनी विषयाची मांडणी चांगली केली आहे. दुसऱ्या नियमाबद्दल थोडी भर घालतो, कारण त्याचा स्वभाव १० सारख्या उदाहरणातून पुरेसा लक्षात येत नाही. ८ पासून सुरुवात करून पाहा, आणि जमल्यास पहिल्या काही पायऱ्या हातानेच करा:

८ → २२२ → २३३७ → ३१९४१ → ३३३७१३१३ → ३१११२३७७१ → ७१४९३१७९४१ → २२९३१२१९७२९ → ११२०८४६५६३३९ → ३३४७९११११८१८९ → ११६१३४९६५०१७२३ → ९७१३०५१७९१७३२७ → ५३१८३२६५१२८१४५९ → ३३३१११३९६५३३८६३५१०७

एका अंकापासून निघून तेराव्या पायरीवर १९ अंकी मूळ संख्या मिळते. शेवटच्या उडीकडे मुद्दाम लक्ष द्यावे. ५३१८३२६५१२८१४५९ या संख्येचे अवयव ३, ३, ३, ११, १३९, ६५३, ३८६३ आणि ५१०७ असे आठ आहेत. इतके तुकडे एकापुढे एक लिहून झालेली संख्या मूळ निघावी, यासाठी त्या तुकड्यांत काही विशेष असावे लागत नाही. अवयवांची मागची ओळख नव्या संख्येत जवळजवळ पुसली जाते, आणि माझ्या मते या क्रमिकांचे खरे रहस्य तेथे आहे.

‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण असे की एक खूण मात्र उरते. १० ला ९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून अवयव शेजारी लिहा किंवा त्यांची बेरीज करा, दोन्ही संख्यांना ९ ने भागल्यावर बाकी एकच येते. म्हणजे पहिला आणि दुसरा नियम ९ च्या बाकीपुरते एकच आहेत. ४९ घ्या: बेरीज १४, जोडणी ७७, आणि दोन्हींची बाकी ५. पुढच्या पायरीला ३ ने भाग जाणार की नाही, हे जोडणी करण्यापूर्वीच सांगता येते ते यामुळे.

४९ चा उल्लेख मी सहेतुक केला. बेरजेच्या नियमाने ती चार पायऱ्यांत संपते: ४९ → १४ → ९ → ६ → ५. जोडणीच्या नियमाने मात्र ४९ → ७७ → ७११ → ३३७९ → ३११०९ → १३२३९३ → ३४४१३१ अशी ती निघते, आणि शंभराहून अधिक पायऱ्यांनंतर, २०० हून अधिक अंकी संख्यांपर्यंत पोचूनही, मूळ संख्या मिळालेली नाही. ज्या संख्यांचा शेवट ठाऊक नाही त्यांत ४९ सर्वांत लहान आहे. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या आणि १९९६ पासून ऑनलाइन असलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या विश्वकोशात, जोडणीच्या नियमाने प्रत्येक संख्येपासून शेवटी मिळणाऱ्या मूळ संख्यांची क्रमिका ए०३७२७४ या क्रमांकाखाली नोंदलेली आहे.

बेरीजवजा:

धाग्यातील विवेचन वाचताना एक शंका मनात आली. आजचे संगणक इतके वेगवान असताना ४९ ची क्रमिका आणखी हजारभर पायऱ्या पुढे का नेता येत नाही? आणि ती कधीतरी मूळ संख्येवर थांबेल, असे मानायला काही आधार आहे, की ती केवळ आशा आहे?

मसावि:

बेरीजवजा यांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

एखादी संख्या मूळ आहे का, हे तपासणे संगणकाला सोपे आहे; २५० अंकी संख्येसाठीही ते काम चटकन होते. पण ती मूळ नाही एवढे कळून आपले भागत नाही, तिचे सगळे अवयव हाती यावे लागतात, कारण शेवटचे दोन मोठे अवयव वेगळे झाल्याशिवाय पुढची संख्या लिहिताच येत नाही. लहान अवयव वेगळे काढण्यासाठी हेंड्रिक लेन्स्ट्रा यांची १९८७ मधील विवृत्तीय वक्रांची पद्धत उपयोगी पडते, कारण त्या पद्धतीला लागणारे श्रम मुख्यतः शोधल्या जाणाऱ्या अवयवाच्या आकारावर ठरतात. सर्व अवयव मोठे असतील तर मात्र संख्याक्षेत्र चाळणी या, फार मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या पद्धतीशिवाय मार्ग नाही. गूढलेखनाच्या आव्हानासाठी मुद्दाम तयार केलेल्या २५० अंकी संख्येचे अवयव फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाले, आणि ते एका मोठ्या चमूचे, असंख्य संगणकांवर चाललेले काम होते. ४९ ची क्रमिका आता याच टापूत आहे. येथे प्रत्येक पायरी हा एक स्वतंत्र प्रकल्प असतो, आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय दुसरी सुरूच करता येत नसल्यामुळे काम वाटूनही घेता येत नाही.

आता आधाराबद्दल. यादृच्छिक घेतलेली अ-अंकी संख्या मूळ असण्याची संभाव्यता साधारण १ भागिले (२.३×अ) असते. जोडणीने तयार झालेल्या संख्येचा शेवटचा अंक हा सर्वांत मोठ्या मूळ अवयवाचा शेवटचा अंक असतो, म्हणून सुरुवातीचे अपवाद वगळता तो १, ३, ७ किंवा ९ असतो. त्यामुळे संभाव्यता अडीच पट होते आणि जवळजवळ १ भागिले अ एवढी उरते. प्रत्येक पायरीला अंकांची संख्या किती वाढते, ते अवयव किती आहेत यावर अवलंबून असते. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवले की बहुतेक संख्यांच्या वेगवेगळ्या मूळ अवयवांची संख्या ही त्या संख्येच्या (नैसर्गिक) लॉगरिदमच्या लॉगरिदमच्या आसपास असते. २०० अंकी संख्येसाठी ही किंमत सहाच्या जवळ येते, म्हणजे एका पायरीत दोन-तीन अंकांची भर पडते. अंक इतक्या हळू वाढत असतील तर सर्व पायऱ्यांवरच्या संभाव्यतांची बेरीज अनंताकडे जाते. फार संथपणे जाते, पण जाते. त्यावरून प्रत्येक क्रमिका कधी ना कधी मूळ संख्येवर थांबावी, असा अंदाज बांधता येतो.

हा अंदाज आहे, सिद्धता नव्हे. आणि बेरीज फार संथपणे वाढत असल्यामुळे, एखादी क्रमिका शेकडो पायऱ्या थांबली नाही म्हणून तो अंदाज चुकीचा ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

शेषएक:

मसावि यांनी दिलेला संभाव्यतेचा युक्तिवाद तिसऱ्या नियमालाही जसाच्या तसा लावता येईल असे प्रथमदर्शनी वाटते, आणि कॉनवे यांच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असावे असे पुष्कळांना वाटत होते ते त्यामुळेच. २०१७ मध्ये जेम्स डेव्हिस यांनी ते ‘नाही’ असल्याचे दाखवून दिले. त्यांनी दिलेली संख्या अशी:

१३५३२३८५३९६१७९ = १३ × ५३^२ × ३८५३ × ९६१७९

उजव्या बाजूचे अवयव आणि घातांक ओळीने लिहा: १३, ५३२, ३८५३, ९६१७९. तीच संख्या परत मिळते. ती संयुक्त आहे आणि स्वतःवरच जाते, म्हणून तिच्यापासून मूळ संख्या कधीच येणार नाही.

ही संख्या वाचून बहुतेक जण आश्चर्य व्यक्त करून पुढे जातात. मला मात्र वाटते की ती कोठून येते हे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण सहमूळ यांनी सुरुवातीला मांडलेला मुद्दा येथे अगदी उघड होतो.

समजा, एखादी संयुक्त संख्या तिसऱ्या नियमाने स्वतःवरच जाते. तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव प हा अ-अंकी आहे, त्याचा घातांक १ आहे आणि तो २ किंवा ५ नाही, असे धरू. बाकीच्या अवयवांचा गुणाकार क्ष मानू. म्हणजे संख्या आहे क्ष×प. नियम लावल्यावर क्ष चे रूपांतर फ(क्ष) मध्ये होते आणि त्याच्यापुढे प लिहिला जातो, म्हणजे नवी संख्या फ(क्ष)×१०^अ + प होते. या दोन्ही संख्या समान हव्यात. प एका बाजूला घेतला की

प × (क्ष − १) = फ(क्ष) × १०^अ

असे समीकरण मिळते. प ला २ ने किंवा ५ ने भाग जात नाही, म्हणून उजवीकडचा १०^अ सगळाच्या सगळा (क्ष − १) मध्ये असला पाहिजे. म्हणजे क्ष = म×१०^अ + १ याच रूपाचा असणार, आणि मग फ(क्ष) = म×प एवढीच अट उरते.

डेव्हिस यांच्या संख्येत १३×५३×५३×३८५३ हा गुणाकार करून पाहा. तो १४,०७,००,००१ येतो. शेवटी ००००१ आहे, आणि प पाच अंकी आहे. म = १४०७. आता फ(क्ष) म्हणजे १३, ५३२ आणि ३८५३ जोडून झालेली १३५३२३८५३. तिला १४०७ ने भागा: बाकी शून्य, भागाकार ९६१७९. तो पाच अंकी आहे, मूळ आहे आणि आधीच्या सर्व अवयवांपेक्षा मोठा आहे. सर्व अटी पूर्ण झाल्या. म्हणजे चौदा अंकी संख्यांच्या राशीत आंधळेपणाने शोध घेण्याची गरज नव्हती. शेवटी शून्ये आणि मग १ अशी संख्या, तीही नेमक्या अवयवांची, मिळवायची होती.

आणि आता मुख्य गोष्ट. प हा अ-अंकी असल्यामुळे तो १०^अ पेक्षा लहान आहे, म्हणून फ(क्ष) = म×प ही म×१०^अ पेक्षा लहान, म्हणजेच क्ष पेक्षा लहान असलीच पाहिजे. याचा अर्थ असा की शेवटचा अवयव जोडण्यापूर्वी संख्या घसरलेली असणे अपरिहार्य आहे. वरच्या उदाहरणात ती जेमतेम चार टक्क्यांनी घसरते. ती कशामुळे घसरते? १३ आणि ३८५३ जसेच्या तसे राहतात. २८०९ या चार अंकी वर्गाच्या जागी ५३२ हे तीनच अंक येतात. त्या एका वर्गाने हे सगळे घडवून आणले आहे. जोडणीच्या नियमात अशी घसरण शक्यच नाही, म्हणून तेथे अशी संख्याही शक्य नाही.

जाता जाता आणखी एक. १३ चा ५३२३८५३९६१७९ वा घात घेतला तर तो एवढा अवाढव्य असूनही एका पायरीत १३ आणि त्यापुढे घातांक, म्हणजे नेमका १३५३२३८५३९६१७९ वर येतो आणि तेथेच अडकतो.

एकमान:

शेषएक यांची सिद्धता सुरेख आहे, यात वाद नाही. पण मूळ विषयाबद्दल माझा एक आक्षेप आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो. दुसरा आणि तिसरा हे दोन्ही नियम दशमान लेखनावर अवलंबून आहेत. मूळ अवयव हा संख्येचा स्वतःचा गुण आहे. तिचे अंक हा आपण निवडलेल्या लेखनपद्धतीचा गुण आहे. या दोहोंची सांगड घालून तयार केलेल्या क्रमिकेतून मूळ संख्यांबद्दल फारसे काही शिकायला मिळते, असे मला वाटत नाही.

त्याऐवजी, ज्यांत अंकांचा संबंधच नाही अशा क्रमिकांकडे पाहावे. अ‍ॅल्बर्ट मुलिन यांनी १९६३ मध्ये विचारलेला प्रश्न घ्या. २ पासून सुरुवात करा. आतापर्यंतच्या सर्व पदांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा, आणि आलेल्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव हे पुढचे पद माना. मूळ संख्या अनंत आहेत, या युक्लिडच्या सिद्धतेचीच ही क्रमिका झाली. २, ३, ७, ४३ ही पदे सहज येतात. मग २×३×७×४३ + १ = १८०७ = १३×१३९, म्हणून १३. पुढे २३४७९ = ५३×४४३, म्हणून ५३. त्यापुढे १२४४३३५, म्हणून ५. मोठमोठ्या उड्यांनंतर एकदम ५ अवतरतो, हे मला या क्रमिकेतले सर्वांत देखणे स्थान वाटते. प्रत्येक मूळ संख्या कधी ना कधी येतेच का, हा प्रश्न सुटलेला नाही. ५१ पदे ज्ञात आहेत आणि त्यांत ४१ नाही.

आता एकच बदल करा: सर्वांत लहान अवयवाऐवजी सर्वांत मोठा घ्या. २, ३, ७, ४३, १३९, ५०२०७ अशी ही दुसरी क्रमिका निघते. १३९ नंतरच्या पायरीवर २५१०३५ = ५×५०२०७ येते, ५ समोर दिसतो, पण तो मोठा नसल्यामुळे निवडला जात नाही. आणि तो कधीच निवडला जाणार नाही, याची सिद्धता अशी. गुणाकारात २ आणि ३ आहेत, म्हणून १ मिळवल्यावर त्यांनी भाग जात नाही. सर्वांत मोठा अवयव ५ असेल तर ती संख्या ५ चा कोणतातरी घात असली पाहिजे. ५ च्या घातातून १ वजा केला की ४ ने भाग जातो. पण आपल्या गुणाकारात २ एकदाच आहे आणि बाकी सगळी पदे विषम आहेत, म्हणून त्याला ४ ने भाग जात नाही. म्हणजे असे होऊच शकत नाही. कॉक्स आणि व्हान डेर पूर्टेन यांनी १९६८ मध्ये अशाच विचाराने आणखी काही मूळ संख्या या क्रमिकेतून वगळल्या जातात हे दाखवले, आणि अँड्र्यू बुकर यांनी २०१२ मध्ये अशा वगळलेल्या मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध केले.

सहमूळ:

एकमान यांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्यांनी दिलेली क्रमिका या धाग्यात यायलाच हवी होती. तरी त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. अंक ही आपली निवड आहे हे खरे. पण मग पाया बदलून पाहावा आणि काय टिकते ते तपासावे. शेषएक यांच्या समीकरणात १० चा उपयोग कोठे झाला? १०^अ एवढ्याच ठिकाणी. त्याच्या जागी २^अ लिहिले तरी सगळा युक्तिवाद तसाच उभा राहतो.

म्हणून द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, तोच तिसरा नियम लावू. अवयवही द्विमान अंकांत लिहायचे आणि घातांकही. सर्वांत साधी शक्यता म = १ ही आहे. म्हणजे क्ष = २^अ + १, आणि फ(क्ष) स्वतःच अ-अंकी मूळ संख्या हवी. अ = ९ घ्या. क्ष = ५१३ = ३^३×१९. द्विमान लेखनात ३ म्हणजे ११, घातांक ३ म्हणजेही ११, आणि १९ म्हणजे १००११. हे जोडले की १११११००११ होते, आणि ही नऊ अंकी द्विमान संख्या म्हणजे ४९९, जी मूळ आहे. म्हणून ५१३×४९९ = २५५९८७ ही संख्या स्वतःवरच जाते: तिचे द्विमान रूप १११११००१११११११००११ असे आहे, म्हणजे ४९९ हीच ओळ दोनदा. पहिली ४९९ ही ३, ३ आणि १९ मिळून तयार होते, दुसरी हा प्रत्यक्ष अवयव आहे. दशमानातले उदाहरण पाहून जे केवळ योगायोगाचे वाटते, त्याची यंत्रणा येथे पूर्ण उघडी दिसते.

द्विमानात दोन संख्यांचे चक्रही आहे. १००७ = १९×५३; १००११ आणि ११०१०१ जोडून १००११११०१०१, म्हणजे १२६९. आता १२६९ = ३^३×४७; ११, ११ आणि १०११११ जोडून १११११०११११, आणि ही संख्या १००७. जाताना अवयवांना घात नाहीत, म्हणून संख्या चढली. येताना ३ चा घन होता, २७ च्या पाच द्विमान अंकांऐवजी चारच अंक लागले, म्हणून ती उतरली. एक चढण, एक उतार, आणि चक्र पूर्ण.

तेव्हा कोणती संख्या अडकते हे पायावर अवलंबून आहे, पण ती का अडकू शकते हे पायावर अवलंबून नाही. घातांक लिहिल्याने जागा वाचते आणि त्यातून घसरण शक्य होते, ही गोष्ट मूळ अवयवांच्या पुनरावृत्तीबद्दलची आहे, अंकांबद्दलची नाही. एकमान यांच्या दोन क्रमिकांतही मला हेच दिसते: ५ वगळला जातो तो २ एकदाच येतो म्हणून, म्हणजे तेथेही निर्णायक बाब घातांकाचीच आहे.

बेरीजवजा:

दशमानात, घातांकांच्या नियमाने, ज्यांचा शेवट ठाऊक नाही अशी सर्वांत लहान संख्या कोणती?

विषमघात:

२०. ती २० → २२५ → ३२५२ → २२३२७१ → २९७६९९ → ३९९२३३ → ७१५६२३ अशी निघते आणि तिचा शेवट अजून सापडलेला नाही. २२५ आणि ३२५२ या दोहोंत वर्ग आहेत, तरीही दोन्ही ठिकाणी ती चढलेलीच आहे, कारण लहान मूळ संख्यांचा वर्ग एक-दोन अंकीच असतो आणि घातांक लिहून जागा वाचत नाही. त्यानंतर दाखवलेल्या पायऱ्यांत सगळे अवयव एकेकदाच येतात, म्हणून तेथेही चढणच आहे.

शेषएक:

सहमूळ यांच्या द्विमान उदाहरणाला एक छोटी पुरवणी जोडतो. म = १ घेऊन अ = १ ते १५ पर्यंतच्या सगळ्या शक्यता हातानेच निकालात काढता येतात. क्ष मध्ये कोणताही अवयव दोनदा येत नसेल तर फ(क्ष) ही क्ष पेक्षा लहान होत नाही, म्हणून अशा सर्व किमती तपासण्याआधीच बाद होतात. २^अ + १ या रूपाच्या संख्यांना वर्गाने भाग जातो तो या टप्प्यात फक्त चार ठिकाणी: अ = ३, ९, १० आणि १५.

अ = ३ साठी क्ष = ९ = ३^२; १११०, म्हणजे १४, चढण. अ = १० साठी क्ष = १०२५ = ५^२×४१; १०१, १०, १०१००१ जोडून १४४९, पुन्हा चढण. येथे २५ चे २२ होतात, म्हणजे वर्गाचा तुकडा घसरतो खरा, पण ४१ जोडताना झालेली वाढ त्याहून जास्त आहे. अ = १५ साठी क्ष = ३२७६९ = ३^२×११×३३१; ११, १०, १०११, १०१००१०११ जोडून १,२०,६५१, मोठीच चढण. उरते अ = ९, आणि तेथे ३ चा वर्ग नसून घन आहे.